पांढऱ्या ठिपक्याचे व्हॉल्व्ह

१

सोमवारी सकाळी मी टेस्ट रूममध्ये शिरलो, तेव्हा रॅकवरचे सगळे व्हॉल्व्ह, रेडिओत बसवायचे काचेचे चिमुकले दिवेच जणू, नारिंगी उजेडात छान तापले होते. बघणाऱ्याला वाटावं, सगळं आबादीआबाद आहे. पहिल्याला मीटर लावला. काटा जेमतेम हलला आणि परत आडवा झाला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला काटा ताडकन उभा राहिला म्हणून जरा हायसं वाटलं, तर चौथा पुन्हा मुका.

व्हॉल्व्ह मुका होतो म्हणजे काय, हे आमच्या कॉल्डर्स रन गावात सांगावं लागत नसे. आतली तार तापते, उजेड दिसतो, पण तारेवरच्या नळीला जो पांढरा लेप असतो त्यातून विजेचे कण सुटायला हवेत, ते सुटत नाहीत. अंग गरम, पण जीव गेलेला.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं हे गाव व्हिटलॉकच्या कारखान्यावर जगत होतं. एकोणीसशे सत्तावन्न साल होतं. ट्रान्झिस्टर नावाचं, व्हॉल्व्हची जागा घेणारं नवं भूत बाजारात फिरू लागलं होतं आणि निम्म्या लाइनी आधीच बंद झाल्या होत्या. आम्हाला तगवून धरलं होतं ते नौदलाच्या एका कामाने, म्हणजे समुद्रावर टेहळणी करणाऱ्या विमानांच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हने. उन्हाळ्यात एका विमानाचा रेडिओ पाण्यावर असताना गप्प पडला. वैमानिक किनाऱ्याच्या दिव्यांच्या आधाराने कसाबसा परतला. तेव्हापासून आमचा प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा तपासला जाई, आणि तेव्हापासूनच दर आठवड्याला असे मुके निघत होते.

मी मेलेले व्हॉल्व्ह ट्रेमध्ये घालून फोरमन ग्रूबरसाहेबांपुढे ठेवले. बुडाशी रंगाचा एकेक ठिपका होता: निळे, लाल, हिरवे, पिवळे. साहेबांनी ते बराच वेळ खालीवर केले.

“वेस्ली,” ते म्हणाले, “पांढरा एकही नाही.”

“नाही साहेब.”

“मागच्या वेळी होता?”

नव्हता. त्याच्या मागच्या वेळीही नव्हता. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं. कारण पांढरा ठिपका ओपलमावशीचा होता.

२

व्हॉल्व्हच्या काचेत बसवायचा सांगाडा हाताने जुळवावा लागे. केसाएवढ्या तारा, नखाएवढे पत्रे, हातात चिमटा आणि डोळ्यांसमोर भिंग. नौदलाचं काम खिडकीजवळच्या एकाच टेबलावर चाले आणि तिथे पाच बायका बसत. थेल्मा कोवाच धिप्पाड आणि मोठ्या आवाजाची. रोझालिया डी’अमिको युनियनची, तिच्या जिभेला हाड नाही. अर्डिस नॉर्डीन हळवी, कुणाच्याही वाढदिवसाला केक करून आणणारी. नेटी प्रायर दिवसभरात चार वाक्यं बोलली तर पुष्कळ. आणि पाचवी ओपल हार्कनेस. साठीला आलेली, किरकोळ अंगाची. अख्खा कारखाना तिला मावशी म्हणे. उरलेल्या चौघींना चिमटा धरायला तिनेच शिकवलं होतं. तिचा नवरा क्लाइड क्षयाच्या दवाखान्यात होता. घरी कुणी नसल्यामुळे ती सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई.

संध्याकाळी प्रत्येकीचा ट्रे नेटीकडे जाई. भट्टीतही न उडणारा रंग ब्रशाने लावायचं काम तिचं. निळा थेल्माचा, लाल रोझालियाचा, हिरवा अर्डिसचा, पिवळा स्वतःचा आणि पांढरा मावशीचा.

आता चौघींचे व्हॉल्व्ह मरत होते आणि पाचवीचा एकही नाही. ग्रूबरसाहेब वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते. नौदलाचा अधिकारी पुढच्या आठवड्यात येणार होता, आणि त्याला कारण देता आलं नाही तर काम जाणार, लाइन बंद होणार हे ठरलेलं होतं. त्यांनी मुख्य कचेरीला फोन करून सांगितलं, की कुणीतरी मुद्दाम घातपात करतंय.

बुधवारी कचेरीच्या प्रयोगशाळेतून विनिफ्रेड ओस्ट्रँडर आल्या. पन्नाशीच्या, रसायनशास्त्रातल्या डॉक्टर, पावसाळी बूट घातलेल्या. त्यांच्या हातात भलीमोठी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी आधी सूक्ष्मदर्शक काढला आणि मग डोनटचा पुडा. मला त्यांच्या मदतीला दिलं.

“चौकशी तुमच्या ऑफिसात नको,” त्यांनी साहेबांना सांगितलं. “ऑफिसात माणसं तोलून बोलतात. मी कँटीनमध्ये बसते.”

३

थेल्मा आली ती हाताची घडी घालूनच. ह्या टेबलावर कोण कुणाचा घात करणार, असं तिचं म्हणणं. पोरांची बारशी, नवऱ्यांची आजारपणं, सगळं ह्या टेबलाने एकत्र काढलेलं. रोझालियाने सरळ कंपनीवरच बोट ठेवलं. लाइन बंद करायची आहे, निमित्त शोधताय, म्हणाली. अर्डिस खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. ओस्ट्रँडरबाईंनी तिला काही न विचारता रुमाल दिला. नेटीने प्रत्येक प्रश्नाला “मला माहीत नाही” एवढंच उत्तर दिलं. मात्र बोलताना ती नखांत अडकलेला रंग टोकरत होती आणि तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावर एकदाही ठरली नाही.

मावशी शेवटी आली. कँटीनच्या नळावर हात धुऊन, पुसायला फडकं न मिळाल्याने तसेच ओले हात पुढे धरून. बाईंनी उठून तिचा हात हातात घेतला, आणि सोडायला जरा जास्तच वेळ लावला.

“तुमचे व्हॉल्व्ह का मरत नाहीत, ओपल?”

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. “तेच मला समजत नाही. व्हॉल्व्हच्या आत हवासुद्धा नसते, बाई. आत जे काही जातं ते आमच्या हातचंच. ह्या पोरींना मी शिकवलं. त्यांचे मरतात आणि माझे जगतात. म्हणजे शिकवताना मी काहीतरी हातचं राखलं असणार. मला झोप येत नाही हो.”

ती गेल्यावर बाई स्वतःच्या तळहाताकडे बघत बसल्या.

“वेस्ली, तिच्या हातावरचं पाणी पाहिलंस?”

मी काही पाहिलं नव्हतं.

“अळवाच्या पानावर ठरावं तसं गोल गोल थेंबांनी उभं होतं. साबणाने धुतलेल्या हातावर पाणी असं राहत नाही.”

मी त्यांना आणखी काही विचारणार, इतक्यात ग्रूबरसाहेब आत आले. त्यांनी निर्णय घेऊन टाकला होता. शुक्रवारी ओपल हार्कनेसला कामावरून काढणार. दुसऱ्यांचे व्हॉल्व्ह बिघडवून आपलं नाव राखते, दुसरा अर्थच निघत नाही, असं ते म्हणाले. आणि ही बातमी त्यांनी टेबलावर जाऊन आधीच सांगितली होती.

४

गुरुवारी सकाळी साहेबांच्या दाराशी रोझालिया उभी होती.

“मी केलं,” ती म्हणाली. “तारांवर मीठ टाकलं. कंपनीवर राग होता म्हणून. मावशीला सोडा.”

साहेब खुर्चीतून उठेपर्यंत मागून थेल्मा आली. तिने म्हणे सांगाड्यांवर सिगारेटचा धूर सोडला होता. मग डोळे सुजलेली अर्डिस आली. तिने हात न धुता काम केलं होतं, आळसाने. सगळ्यात शेवटी नेटी. तिचा रंग आत सांडला होता, आणि तिने तो लपवला होता. आयुष्यात ती एका दमात इतकं कधी बोलली नसेल.

साहेबांना घाम फुटला. काल एकच गुन्हेगार होता, आज आणखी चार झाले. त्यांनी ओस्ट्रँडरबाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे डोनटवरची साखर झटकत होत्या.

“थेल्मा, तुम्ही कुठली सिगारेट ओढता?”

थेल्मा गडबडली. अख्ख्या कारखान्यात धुराची चीड असलेली बाई ती.

“आणि रोझालिया, मीठ असतं तर आतली तारांची जाळी गंजली असती. ती तर लखलखीत आहे.” बाईंनी चौघींकडे आळीपाळीने पाहिलं. “जा कामाला. आज कुणाला काढत नाहीत.”

दार लागल्यावर साहेब म्हणाले, “ह्या सगळ्या मिळून तिला वाचवताहेत. म्हणजे गुन्हा तिचाच.”

“वाचवताहेत हे खरं,” बाई म्हणाल्या. “पण कशापासून, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. मलाही नाही. वेस्ली, मेलेले व्हॉल्व्ह आण, आणि पांढऱ्या ठिपक्याचे जिवंतही आण. एक हातोडी घे.”

५

दुपारभर आम्ही काचा फोडत होतो. सांगाडे सुटे करून बाई सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत, आणि मग मला बघायला लावत.

सांगाड्याच्या वरच्या अंगाला एक चिमुकली पट्टी असते. तिच्यावरचा धातू काचेतली उरलीसुरली हवा शोषून घेतो. ती पट्टी वाकवून टाचायची असते, आणि वाकवणं प्रत्येकीचं वेगळं. कुणी दाबून मोडते, कुणी गोल वळवते. अक्षर ओळखावं तसा हात ओळखता येतो.

“निळा बघ,” बाई म्हणाल्या. “पट्टीच्या टोकाला बारीकसा पीळ आहे, वेणी घालावी तसा. आता लाल.”

लालमध्येही तोच पीळ. हिरव्यातही, पिवळ्यातही. ठिपके चार रंगांचे, पण मेलेला प्रत्येक व्हॉल्व्ह एकाच हाताने जुळवलेला होता. मग पांढरे जिवंत बघितले. तिथे उलटा प्रकार. एकाची पट्टी दाबून मोडलेली, एकाची गोल, एकाचं टाचण वाकडंच. ठिपका एकच, हात चार.

बाईंनी पाचही जणींना बोलावून समोर एकेक सांगाडा जुळवायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. चौघींचे चिमटे अडखळत, थांबत चालले. ओपलमावशीचा मात्र ठाम चालला. तिने पट्टी उचलली, टाचली, आणि शेवटी मनगटाला एक हलका हिसका देऊन टोकाला पीळ घातला.

ग्रूबरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मुके झालेले सगळे व्हॉल्व्ह मावशीच्या हातचे होते.

६

मावशीला आणि तिघींना बाहेर बसवून बाईंनी फक्त नेटीला आत ठेवलं. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “ब्रश तुझ्या हातात असतो, नेटी. मावशीच्या ट्रेतले तू तुम्हा चौघींच्या नावावर वाटतेस आणि तुमचे चांगले मावशीच्या नावावर घालतेस. ते मला समजलं. का, तेवढं सांग.”

मग नेटीने जे सांगितलं, ते असं.

पहिल्या खेपेला मुके निघालेले व्हॉल्व्ह मोडायला टेबलावर परत आले होते. अगदी थोडे, साहेबांच्याही नजरेत न भरणारे. पण थेल्माने पाहिलं, सगळे पांढरे. आमच्या कारखान्यात हातगुण मानत. काहींच्या घामात असं काही असतं की त्यांनी शिवलेला व्हॉल्व्ह जगत नाही. असा हात सापडला की त्या बाईला खाली पॅकिंगला पाठवत. मावशीला खोकी बांधायला पाठवायचं? जिने आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान बाळगला, आपल्या हातांचा, तिला सांगायचं की तुझेच हात व्हॉल्व्ह मारतात? आणि तेही क्लाइड दवाखान्यात असताना? चौघींनी ठरवलं, तिला कळू द्यायचं नाही. तिचा ट्रे चौघींच्या नावावर वाटून घ्यायचा, म्हणजे दोष कुणा एकीवर येणार नाही.

“विमानांचं मनात आलं नाही?” बाईंनी विचारलं.

“मेलेले टेस्टमध्ये पकडले जात होते. एकही पुढे जाणार नाही असं वाटायचं.” नेटीने डोळे पुसले. “पण रोज रात्री भीती वाटायची.”

आपण कुणाला हाकलणार होतो, हे बहुतेक तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं.

“पण वर्षानुवर्षं ह्याच हातांचे व्हॉल्व्ह जगत होते,” बाई म्हणाल्या. “घाम एकाएकी विषारी होत नाही. उन्हाळ्यात काय बदललं? ओपल हातांना काय लावते, नेटी?”

नेटी दचकली. “क्रीम. तिचे हात फुटून रक्त यायचं. वाढदिवसाला अर्डिसने पिट्सबर्गहून चांगलं, महागाचं आणून दिलं. सकाळ-संध्याकाळ घरीच लावते. इथे आल्यावर घासून हात धुते.”

बाईंनी डोळे मिटले. दुखणं सापडल्यावर डॉक्टर मिटतो तसे.

“सिलिकोन,” त्या म्हणाल्या. “ह्या नव्या क्रीममध्ये तेच घालतात, पाणी लागू नये म्हणून. ते साबणाने जात नाही. बोटांवरून सांगाड्यावर येतं, भट्टीत जळतं, आणि त्याची राख त्या पांढऱ्या लेपावर काचेसारखी बसते. लेप आतल्या आत गुदमरतो.”

साहेबांना पुरावा हवा होता, आणि तो मागायचा त्यांना हक्क होता. बाईंनी थेल्माला ते क्रीम लावायला लावलं, हात धुवायला लावले आणि सांगाडे जुळवायला बसवलं. ओपलमावशीला बोटांवर नव्या रबरी टोप्या चढवून तेच काम दिलं. दोन्ही ट्रे मी स्वतः रॅकवर चढवले. शनिवारी काटा बघायला मावशी सोडून सगळे माझ्या खांद्यावरून वाकले होते. थेल्माचे व्हॉल्व्ह मुके. मावशीचे सगळे जिवंत.

७

आता मावशीला सांगायचं कुणी, हा प्रश्न उरला. चौघींचं म्हणणं, अजूनही सांगू नये. ते क्रीम खराब निघालं म्हणावं, दुसरं आणून द्यावं. ओस्ट्रँडरबाई पहिल्यांदाच कठोर झाल्या.

“ती बाई झोपत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला शिकवण्यात आपली काही चूक झाली असं समजते. तुम्ही तिला ज्या दुःखापासून वाचवलंत, त्याहून मोठं दिलंत. सांगा तिला.”

त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं, सगळ्या मिळून, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करत. अर्डिस शेवटी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊ लागली, कारण क्रीम तिनेच आणलेलं. मी दाराशी उभा होतो. मला वाटलं, मावशी कोसळणार.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग तिने विचारलं, “पांढऱ्या ठिपक्याखाली कुणाकुणाचं काम गेलं?”

“आमचं सगळ्यांचं,” थेल्मा पुटपुटली.

“रोझालियाचंसुद्धा?”

“हो.”

“म्हणजे ह्या रोझालियाचं ते वाकडं टाचण,” मावशी सावकाश म्हणाली, “उन्हाळाभर माझ्या नावावर नौदलात जात होतं?”

कुणाला हसावं की रडावं कळेना. मावशीने हात पुढे करून अर्डिसचं डोकं टेबलावरून उचललं, तिचे केस मागे सारले आणि म्हणाली, “पूस ते नाक. क्रीम चांगलं होतं गं. किती वर्षांनी माझे हात दुखायचे थांबले होते.” मग चौघींकडे वळून, “पुन्हा माझ्याबद्दल काही कळलं, तर आधी मला सांगायचं. मी काही काचेची नाही.”

बाहेर पडताना ग्रूबरसाहेब आडवे आले. टोपी काढून ती हातात फिरवत होते. मावशीने थोडी वाट पाहिली, त्यांच्या दंडावर थोपटलं आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीला नवी गादी होती. कुणी ठेवली ते कुणी विचारलं नाही.

नौदलाचा अधिकारी आला, तेव्हा बाईंनी त्याला काहीही न लपवता सगळं सांगितलं. लाइन टिकली, आणि मग किती तरी कारखान्यांत हातांना काय लावलंय ते विचारायची पद्धत पडली, असं बाईंनी नंतर एकदा फोनवर सांगितलं. मावशीच्या कातडीतून ते सिलिकोन निघून जाईपर्यंत तिला टोप्या घालून काम करता आलं असतं, पण टोप्यांमधून तार कळत नाही म्हणून तिने ते दिवस नव्या मुलींना शिकवण्यात काढले.

ती उघड्या बोटांनी पुन्हा बसली, तेव्हा शिशिर लागला होता. तिचा पहिला ट्रे माझ्याकडे आला आणि बातमी कशी फुटली कोण जाणे, मधल्या सुटीत टेस्ट रूमच्या दारात ही गर्दी. थेल्मा, रोझालिया, अर्डिस, नेटी, त्यांच्यामागे टाचा उंचावून ग्रूबरसाहेब. मी एकेक व्हॉल्व्ह लावत गेलो. काटा उठत होता, प्रत्येक वेळी, सरळ वर. अर्डिसने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

शेवटचा झाल्यावर नेटी पळत खिडकीजवळच्या टेबलापाशी गेली. मावशी एकटीच तिथे बसून सँडविच खात होती.

“मावशी, सगळे जिवंत आहेत. तू बघायला का नाही आलीस?”

मावशीने तोंडातला घास संपवला.

“त्यात बघायचं काय?” ती म्हणाली. “मी केलेत ना ते.”